गेल्या सनाची जाळी

खुर्चीच्या चार पायांखाली चार काळे बूट असतात. त्यांच्याकडे आजवर कुणी वाकून पाहिलं असेल तर ते फरशी पुसणाऱ्या बाईनेच. जयवंत राऊतांचा संसार मात्र गेली बावीस वर्षं त्याच बुटांवर उभा होता. वसई पूर्वेला, वालीवच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा गाळा. गाळ्यात चार मोल्डिंग मशिनं, आठ माणसं, आणि भिंतीवर गणपतीशेजारी 'विनाकारण बसू नये' अशी पाटी. खुर्चीवर पोट असलेल्या माणसाने अशी पाटी लावावी याची गंमत अख्ख्या वसाहतीला वाटे, जयवंतांना सोडून.

जयवंत हिशेबी होते, पण लोक समजत तसे पैशाचे नव्हे. ते हिशेब ठेवत बोलण्याचा. कुणाला काय सांगितलं, कुणाला किती सांगितलं, आणि काय सांगायचं बाकी ठेवलं, हे त्यांना दहा वर्षांनीही तोंडपाठ असे. खोटं ते सहसा बोलत नसत. खोटं लक्षात ठेवावं लागतं. न बोललेलं आपोआप राहतं.

त्यांनी स्वतः कधी पासपोर्ट काढला नव्हता. आणि या वर्षी त्यांच्या बुटांना पासपोर्ट लागला.

झालं असं, की हॉलंडमधली खुर्च्यांची एक कंपनी त्यांचे बूट घेत असे. तिचं पत्र आलं. युरोपात नवे नियम येतायत. वस्तू कशाची केली, कच्चा माल कुठून कुणाकडून आला, मोडल्यावर तिचं काय करायचं, ही सगळी कुंडली एका चौकोनी कोडमध्ये भरायची, आणि गिऱ्हाइकाने मोबाइल धरला की ती उलगडली पाहिजे. खुर्च्यांची पाळी कधी यायची ते अजून ठरत होतं, पण कंपनीला तयारी आतापासून हवी होती. बुटापासून पाठीपर्यंत.

"बाबा, हे आपल्या फायद्याचं आहे," सून म्हणाली. रुचिता मूळची साताऱ्याकडची, पण वाढली विरारच्या फ्लॅटमध्ये. लग्नानंतर दोन वर्षांत तिने गाळ्याचा सगळा पत्रव्यवहार हातात घेतला होता. "आपले बूट जुन्या जाळ्यांचे. समुद्रातून येणारा कचरा वापरतो म्हटल्यावर ते लोक खूश होतील. फक्त सोर्स खरा द्यायचा. जाळी कोण देतं आपल्याला?"

जयवंतांनी चष्मा पुसला. ज्या प्रश्नाचं उत्तर सोपं असे, त्या प्रश्नाला ते चष्मा पुसत.

जाळी देत होती सत्यवती. पाचूबंदरची. बंदरावर होड्यांची फाटकी जाळी निघाली की ती गोळा करायची, शिसं-दोर काढायची, नायलॉन तेवढं वेगळं करून टेम्पोत भरायची. टेम्पो जायचा कामणला, प्रीतमच्या गोदामात. तिथे जाळी धुऊन, वितळवून तिचा बारीक दाणा व्हायचा, आणि तो दाणा वालीवला मशिनीत पडायचा. सत्यवतीकडे जीएसटीचा नंबर नाही, पावतीपुस्तक नाही. म्हणून प्रीतमच्या बिलावर दाणाही प्रीतमचा आणि जाळीही प्रीतमचीच. माल पाचूबंदरचा, कागद कामणचा. अठरा वर्षं कुणाला यात काही खटकलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

"एक बाई आहे," जयवंत म्हणाले. "नेतो तुला."

एप्रिलमधल्या एका सकाळी सासरा-सून किल्ल्याच्या बाजूने बंदरावर उतरले. सत्यवती अंगणात जाळ्यांच्या ढिगाऱ्याशी पाय पसरून बसली होती. साठीच्या पुढची, हात खडबडीत, जीभ त्याहून.

"आला का रे जयवंता," ती म्हणाली. "ही तुझी सून? किती बारीक हाय. वांगी खाऊन कोन जाडं होतंय म्हना."

जयवंत हसले. त्यांना जयवंता म्हणणारं आता जगात हे एकच माणूस उरलं होतं. त्यांची वाडी राजोडीच्या वाटेवर. लहानपणी आई वसईच्या बाजारात वांगी-पडवळ घेऊन बसायची, शेजारी सत्यवतीची आई सुके बोंबील घेऊन. दुपारी दोघींचा उरलेला माल अदलाबदल व्हायचा. पाच वर्षांचा जयवंत दोन टोपल्यांच्या मधे बसून बंदरची भाषा ऐकत असे. ती त्यांना घरच्या बोलीइतकीच कळे.

रुचिताने टॅब काढला. "मावशी, पूर्ण नाव सांगा."

"सत्यवती."

"पुढे?"

"बंदरावर फुडचं कोन विचारतं? लिव, सत्यवती कृष्णा कोली. कृष्णा जाऊन तीन वरसं झाली, पन लिव. त्याचीच होडी व्हती."

"कोळी," रुचिताने टाइप केलं. तेवढं तिला आपोआप सुधारता आलं. "आणि नायलॉन ओळखता कसं?"

सत्यवतीने एक दोरा तोडला, दुसऱ्या जाळ्याचा दुसरा तोडला, आणि दोन्ही समोरच्या पाण्याच्या बादलीत टाकले. एक तरंगत राहिला. दुसरा हळूहळू तळाला गेला. "बुडला तो तुमचा," ती म्हणाली. "तरंगला तो नाय. पन आता पानी लागत नाय. हाताला कलतं."

रुचिता खूश झाली. तिने बादलीचा फोटो काढला. मग सत्यवतीचाही काढायचा ठरला, तेव्हा ती आत जाऊन हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली.

"हा फोटू कुठं जानार?"

"हॉलंडला, मावशी. तिथे कुणी खुर्ची घेतली आणि मोबाइल धरला, की तुमचं नाव दिसणार."

"कुठं, खुर्चीवर?"

"खुर्चीच्या बुटात."

"म्हनजे मानूस वर बसनार आनि मी खाली," सत्यवती म्हणाली, आणि मागे वळून घरातल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, की आपन परदेशी चाललो.

तोवर सत्यवतीच्या सुनेने चहा आणि बिस्किटं आणली. रुचिता शेवटच्या रकान्याशी आली होती.

"ही जाळी कधीची, मावशी?"

"सनाची."

"कुठल्या सनाची?"

"गेल्या सनाची. आनि दुसऱ्या कुठल्या?"

रुचिताने मान हलवली आणि गेल्या वर्षाचा आकडा घातला.

जयवंतांनी हे ऐकलं. बंदरावर ण नाही. पाणी ते पानी, कोण ते कोन, आणि सण तो सन. सत्यवतीचा सन म्हणजे नारळी पुनव. त्या दिवसाच्या आसपास होड्या रंगतात, नवी जाळी चढतात, आणि चार-पाच वर्षं दर्यात झिजलेली जुनी जाळी उतरवून टाकतात. ही उतरवलेली जाळी म्हणजे सनाची जाळी. बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. विरारच्या फ्लॅटमध्ये मात्र सन म्हणजे साल. सत्यवतीने सांगितलं, गेल्या सणाला टाकलेली. रुचिताने लिहिलं, गेल्या वर्षी केलेली.

जयवंतांना ते तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण त्यांच्या तोंडात बिस्किट होतं. बिस्किट चहात जास्त बुडालं होतं आणि ते सांभाळून गिळावं लागत होतं. गिळून होईपर्यंत रुचिताने टॅब बंद केला होता, सत्यवती तिला माशाच्या गाभोळीचा डबा देत होती, आणि त्यांनी ठरवलं, गाडीत सांगू.

गाडीत बसले आणि फोन वाजला. कामणहून प्रीतम.

"काका, ऐकलं ते खरं का? म्हातारीचं नाव घालताय?" प्रीतमचा आवाज गोड होता. गोड आवाजाच्या माणसाशी जयवंत नेहमी सांभाळून बोलत. "घाला की. माझं काय जातंय. फक्त उद्या ते विचारणार, ही बाई कधीपासून जाळी देते. मग मागच्या अठरा वर्षांच्या बिलांवर जाळी माझ्या नावची कशी? उत्तर मलाही द्यावं लागेल, तुम्हालाही. तुम्ही वडीलधारे, म्हणून आधी सांगितलं. आणि माझ्याकडे गुजरातची जाळी येतेय हल्ली. सर्टिफिकेटसकट."

जयवंतांनी "बघू" म्हणून फोन ठेवला.

"काही बोलायचं होतं का बाबा?" रुचिताने विचारलं. "मघाशी तुम्ही हात वर केला होता."

"बिस्किट अडकलं होतं," जयवंत म्हणाले.

घरी येईपर्यंत त्यांच्या मनाने दोन रकाने आखले होते. आपण काही खोटं सांगितलेलं नाही. सांगितलं सत्यवतीने, लिहिलं रुचिताने. आता तपासणारे तपासतील. नाव राहिलं तर राहिलं, गेलं तर आपण घालवलेलं नाही. हिशेब जमला तसं त्यांना जेवण गोड लागलं. गाभोळी तर फारच चांगली होती.

आठ दिवसांनी उत्तर आलं. रुचिता ते वाचत उभीच राहिली.

"बाबा, मावशीचा सोर्स बाद केलाय. म्हणतात, दोन वर्षांच्या आतली जाळी कचऱ्यात धरता येत नाही. धडधाकट जाळं कचरा म्हणून दाखवलं जातंय का, असा संशय आहे त्यांना. पंधरा दिवस दिलेत. काही चुकलं असेल तर कळवा. बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचं साधं पत्र असलं तरी चालेल." तिने वर पाहिलं. "त्या स्वतः म्हणाल्या ना, गेल्या सनाची? मी दोनदा विचारलं."

जयवंतांनी चष्मा पुसला.

"तुम्हाला काय वाटतं? खोटं सांगितलं असेल?"

आतापर्यंत ते फक्त गप्प होते. गप्प राहण्याचा हिशेब त्यांना जमत होता. पण हा प्रश्न सरळ त्यांनाच होता, आणि रुचिताच्या तोंडावर खरोखरची काळजी होती. इथे एक शब्द पुरला असता. सण. तोही जोडाक्षराशिवाय.

"असेल," जयवंत म्हणाले. "बंदरावरची माणसं, आठवेल तसं सांगतात. वयही झालंय तिचं."

"मग पत्र आणू का सोसायटीचं?"

"कशाला म्हातारीला हेलपाटे. बघू."

पंधरा दिवस हा फार सोयीचा काळ असतो. पहिला आठवडा योग्य वेळ शोधण्यात जातो, दुसरा आता उशीर झाला असं म्हणण्यात. बाराव्या दिवशी ते गाडी काढून निघालेही होते. अंबाडी रोडच्या सिग्नलला उजवीकडे वळलं की बंदर. डावीकडचा दिवा आधी हिरवा झाला, आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. ते डावीकडे वळले आणि कामणला जाऊन प्रीतमची गुजरातची जाळी बघून आले.

जूनमध्ये बुटांना पासपोर्ट मिळाला. बुटांच्या प्रत्येक खोक्यावर चौकोनी कोड आला. कंपनीने अभिनंदनाचं पत्र पाठवलं, पुढची मागणी दीडपट झाली, आणि जयवंतांनी गाळ्यात पेढे वाटले. पाचूबंदरला कळवायचं राहून गेलं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा तिकडून जाळी येत नाही, म्हणून तिकडूनही कुणी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये नारळी पुनव झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी गाळ्यासमोर टेम्पो थांबला. मागे जाळ्यांचा डोंगर, आणि पुढे चालकाशेजारी हिरवं लुगडं नेसलेली सत्यवती. अठरा वर्षांत ती वालीवला पहिल्यांदाच आली होती.

"कामनला पाठवनार होते," उतरता उतरता ती म्हणाली. "मंग म्हनलं, आधी आपलं नाव बघून येऊ. कुठं हाय रे जयवंता तो बूट?"

जयवंत टेबलाशी होते. त्यांनी पाटीखालची खुर्ची पुढे केली. "बस तर आधी. चहा सांगतो."

"चहा पितेच मी घरी. नाव दाखव."

रुचिताने मान खाली घातली. तिला वाटत होतं, सासऱ्याने हे केव्हाच सांगितलं असेल. तिने एक खोका घेतला, मोबाइल धरला, आणि आलेलं सावकाश मराठीत वाचून दाखवलं. वस्तू, खुर्चीचा बूट. नायलॉन, वापरलेल्या जाळ्यांचं. जाळ्यांचा पुरवठा, गुजरात. दाणा, कामण. बूट, वालीव.

"आनि मी?"

"मावशी, तुमचं नाव त्यांनी काढलं," रुचिता म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना, गेल्या सनाची जाळी म्हणून. दोन वर्षांच्या आतलं जाळं ते कचरा धरत नाहीत. नव्यासारखं धरतात."

"नव्यासारखं?" सत्यवती टेम्पोपाशी गेली आणि एक जाळं ओढून घेऊन आली. त्यात ठिकठिकाणी हात जाईल एवढी भोकं होती, आणि भोकांना जुन्या गाठींची ठिगळं. "ही बघ. कृष्णा होता तवा ही गाठ मीच मारली. हे नवं हाय? चार-चार, पाच-पाच वरसं दर्यात फाटतात, आनि मंग सनाला उतरवतात."

"कशाला उतरवतात?"

"सनाला. नारली पुनवेला. आता परवा झाली ना?"

रुचिताच्या हातातला मोबाइल खाली आला. "सणाला," ती हळूच म्हणाली.

"मंग मी काय म्हनते मघापासनं? सनाला."

गाळ्यात मशिनं चालू होती. दर अर्ध्या मिनिटाला साचा उघडत होता आणि सोळा बूट टोपलीत पडत होते. रुचिता सत्यवतीकडे बघत नव्हती. ती जयवंतांकडे बघत होती. त्यांचा वर झालेला हात तिला आठवला असावा.

सत्यवतीनेही त्यांच्याकडे पाहिलं. "ही पोर लांबची. तिला नाय कललं. पन तू तिथंच व्हतास ना."

"माझं लक्ष नव्हतं," जयवंत म्हणाले. "चहा पीत होतो."

"तुझी आई सांगायची, हा पोर मुका वाटतो, पन दोन्ही टोपल्यांचं ऐकतो."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती ते आठवण सांगावी तसं म्हणाली, आणि जाळ्याची घडी घालू लागली. मोठं जाळं होतं. घडीला वेळ लागला. रुचिता मदतीला वाकली, तर तिने एक टोक तिच्या हातात दिलं. जयवंत उठले, पण तिसरं टोक नव्हतं.

"येते मी, शेट," सत्यवती म्हणाली. "तुमचा टाइम घेतला."

शेट. आणि तुमचा. टेम्पो वळून वसाहतीच्या फाटकाबाहेर गेला तरी जयवंत तिथेच उभे होते. त्यांच्या हिशेबात आजवर पुष्कळांचं तू-चं तुम्ही झालं होतं, आणि प्रत्येक वेळी ते जमेच्या बाजूला मांडलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर टॅब ठेवून रुचिता म्हणाली, "बंद झालेली नोंद बदलता येत नाही. पण एक खुलासा जोडता येतो. मी लिहून ठेवलाय. बघा बरोबर आहे का." ती बाबा म्हणाली नाही. विसरली असेल, असं जयवंतांनी धरलं.

खुलासा चार ओळींचा होता. पाचूबंदरच्या सत्यवती कृष्णा कोळी यांनी दिलेली जाळी जुनीच होती. त्यांनी दिलेली माहिती खरी होती. 'सण' हा शब्द 'सन' असा ऐकून चुकीची नोंद झाली. बिले दुसऱ्या नावाने असली तरी गेली अठरा वर्षे जाळी त्यांच्याकडूनच येत आहे.

"शेवटची ओळ हवी का?" त्यांनी विचारलं.

"तिच्याशिवाय ते मानणार नाहीत. त्यांच्या यादीत ती बाईच नाहीये." तिने खालचा रिकामा रकाना दाखवला. "इथे खुलासा करणाऱ्याचं नाव लागतं. मी माझं घालणार होते. चूक मी लिहिली. पण त्यांना मालकाचंच लागतं."

जयवंतांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. नाव घातलं की प्रीतम, मग बिलं, मग दीडपट झालेली मागणी, मग आठ माणसं. हे सगळं खरं होतं. आठ माणसांची आठवण त्यांना नेमकी अशाच वेळी येई, हेही खरं होतं.

"राहू दे तसंच," ते म्हणाले. "बघू."

खुलासा टॅबमध्ये तसाच राहिला. रुचिताने पुन्हा विषय काढला नाही. मात्र कुठलाही फॉर्म भरताना एखादा शब्द अडला, तर ती आता गाळ्याबाहेर जाऊन फोन लावते. कुणाला, ते जयवंतांना कळत नाही. एकदा "मावशी" एवढं ऐकू आलं.

दसऱ्याच्या आधी वाडीतली पहिली वांगी निघाली, तेव्हा जयवंत टोपली घेऊन एकटेच पाचूबंदरला गेले. वाटेत वाक्य तयार केलं होतं. छोटं होतं, बिस्किटाएवढंही नाही. सत्यवतीच्या अंगणात या वर्षीची जाळी दिसली नाहीत. ती शेजारच्या वाड्यांनी नेली होती, वालाच्या वेलांना आणि कोंबड्यांच्या कुंपणाला. जयवंतांच्या चुलतभावानेही नेली होती. जाळी धडधाकट नाहीत म्हणून त्याने घासाघीस केली, असं सत्यवतीच्या सुनेने हसत सांगितलं.

"या शेट," सत्यवती म्हणाली. तिने आतून खुर्ची आणली. तिच्या एका पायाचा बूट गेला होता, आणि जयवंत बसले तशी ती कलली. "थांबा, उठा जरा," म्हणून तिने कोपऱ्यातला जाळ्याचा एक तुकडा घेतला, त्याची घडी केली, आणि खाली वाकून बूट नसलेल्या पायाखाली सारली. मग खुर्ची हलवून पाहिली. आता ती डुगडुगत नव्हती.

"हां. आता बसा."

जयवंत बसले. चहा आला. या वेळी बिस्किट नव्हतं. सत्यवतीने वांग्यांची विचारपूस केली, पावसाची केली, सुनेची केली, आणि प्रत्येक वाक्यात तुम्ही म्हणाली. तयार केलेलं वाक्य घालायला त्यात कुठे फट राहिली नव्हती.